मॉनिटरसाठी लॅव्हेंडरचा साबण

सोमवार, ३ जून
रविवारी आमच्या शाळेच्या वर्गाचं गेट-टुगेदर. प्रत्येकीला माझ्या हातचा लॅव्हेंडरचा साबण देणार. ताप आला की शाळेतल्या सिस्टर कपाळावर हात ठेवायच्या, त्या हाताला यायचा तस्सा वास. मॉनिटर तेव्हा म्हणायची, हिच्या हातून एक काम धड होईल तर शपथ! रविवारी तिच्या तोंडून ‘वा’ काढणारच.

मंगळवार, ४ जून
साबणाचा तयार बेस आणला. वितळवायचा, रंग-वास घालून साच्यात ओतायचा. सूनबाई म्हणाली, आई, साबणाचा रंग वेगळा मिळतो. कशाला? केकचा जांभळा रंग घरात पडलाय. खायला चालतो, तर अंगाला का नाही?

बुधवार, ५ जून
बेस खळखळून उकळला. अर्धा ओट्यावर. ओटा लख्ख! म्हणजे साबणात गुण आहे.
उकळत्यातच लॅव्हेंडरची अख्खी बाटली ओतली. घरभर दरवळ. साबणाला मात्र वास नाही.

गुरुवार, ६ जून
पुन्हा वितळवला. लॅव्हेंडर संपलेलं, म्हणून सर्दीचं निलगिरी तेल घातलं. सढळ हाताने. आठवणीशी प्रतारणा नाही. सिस्टरना सर्दी असायचीच.

शुक्रवार, ७ जून
साच्यातून निघेनात. सुरीने उचकटले. ह्यांनी विचारलं, बटाटे का रंगवलेस? हँडमेड वस्तूंची ह्यांना कदर नाही. वर न विचारता त्यातल्याच एका साबणाने हात धुतले. मनगटापर्यंत जांभळे. ह्यांची कातडीच मेली रंग धरणारी. म्हणाले, तुझ्या पाया पडतो, पण हे वाटू नकोस. जळतात माझ्यावर!

शनिवार, ८ जून
पांढऱ्या रिबिनी बांधल्या. संध्याकाळपर्यंत त्याही जांभळ्या. आपोआप मॅचिंग.

रविवार, ९ जून
सगळ्या खूश. जेवणाआधी हौसेने त्याच साबणाने हात धुतले. नंतर ग्रुप फोटोत एकजात सगळ्या हात मागे घेऊन उभ्या. काय ती शाळेची शिस्त, अजून टिकून आहे! मॉनिटरने साबण हुंगला. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. भारावली असणार.

गुरुवार, १३ जून
मॉनिटरचा फोन. स्वतःहून! म्हणाली, वा गं वा, मानलं तुला. तुझा साबण मोरीत ठेवल्यापासून एक झुरळ दिसेल तर शपथ. आणखी चारपाच दे, शेजारणीही मागतायत.
देते म्हटलं.
फोन ठेवला आणि जेवायला बसण्याआधी हात धुतले. बाजारच्या साबणाने.