सगळी उधारी फेडण्याची चूक

आबा,

गेल्या आठवड्यात बँकेनं माझं क्रेडिट कार्ड बंद केलं. तुमच्या वेळी ही वस्तू नव्हती, म्हणून सांगतो, ते पाकिटात मावणारं उधारीचं खातं असतं. मी ज्या दैनिकात होतो ते बंद पडलं, घराचे हप्ते थकले आणि माझी पत गेली. ती परत मिळवायची तर थोडीथोडी उधारी करा आणि वेळेवर फेडा, असं बँकेतल्याच एका माणसानं शिकवलं. मी पेट्रोल, औषधं कार्डावर घेत गेलो, फेडत गेलो. मग एकदा सगळं चुकतं केलं आणि आता कुणाचं काही देणं नाही या आनंदात कार्ड कपाटात ठेवून दिलं. वापर नाही म्हणून त्यांनी ते बंद करून टाकलं. फोनवरची मुलगी फार गोड आवाजात म्हणाली, "सर, ते सिस्टिमनं झालंय." फोन ठेवल्यावर मी एकटाच हसत बसलो. मला तुम्ही आणि आटपाडीच्या पेठेतले शेठ आठवलात.

पलटणीतून पेन्शनीवर आल्यावर तुम्ही लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा काढलात. दोन कर्णे, एक अॅम्प्लिफायर, तबकड्यांची पेटी. लग्न म्हटलं की गाणी लागतातच, या धंद्याला मरण नाही, असं तुम्ही आईला समजावलं होतंत. त्याच वर्षी पावसानं दडी मारली आणि पुढच्या वर्षीही तेच. लोकांनी लग्नं पुढं ढकलली, ज्यांना ढकलता आली नाहीत त्यांनी देवळात चार माणसांत गपचूप उरकली. गपचूप लग्नाला कर्णा कोण लावणार? आईनं एका कर्ण्यात कांदे ठेवले. दुसऱ्यात कोंबडी अंड्यावर बसली आणि तुम्ही तिला उठवलं नाहीत. घर चाललं ते शेठच्या किराणा दुकानावर. ज्वारी, तेल, गूळ, सगळं लिहून ठेवा. शेवटी शेठनी हात जोडले आणि उधारी थांबवली. मग दिवस थोडे पालटले, तसं तुम्ही पुन्हा पत उभी करायला घेतलीत. सोमवारी पावशेर चहा उधार आणायचा आणि शनिवारी सावधानमध्ये उभं राहून त्याचे पैसे द्यायचे. पेठेला ती कवायत पाठ झाली होती. जुनी बाकी मात्र तशीच होती.

मी तेव्हा सांगलीच्या एका दैनिकात नुकताच लागलेलो. आक्काला औंधचं स्थळ आलं. मुलगा दवाखान्यात कंपाउंडर, आणि चहा देताना आक्कानं त्याच्याकडं दोनदा बघितलं होतं, म्हणजे तिच्या बाजूनं प्रश्न मिटला होता. राहिली चौकशी. आपल्याकडं मुलीच्या घरची चौकशी शेजाऱ्याकडं करत नाहीत, शेजारी भांडलेला असू शकतो. थेट वाण्याकडं जातात. म्हणून तुम्हाला खातं स्वच्छ हवं होतं. मी साठवलेले पैसे आणून दिले, तुमची पेन्शन त्यात पडली. तुम्ही मिशीला तेल लावून दुकानात गेलात आणि सगळ्या नोटा शेठच्या तराजूच्या पारड्यात ठेवल्यात.

शेठ नोटांकडं बघत राहिले. "काय चुकलं आमचं?"

"चुकलं न्हाई. सगळं मिटवाय आलोय."

"सगळं?"

"पै न् पै."

शेठनी पैसे मोजले, खात्याखाली आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "मिटलं. हितनं म्होरं रोख."

तुम्ही विजयी चेहऱ्यानं घरी आलात. आईच्या हातातली परात खाली पडली. "सगळं दिलंत? सव्वा रुपाया बी न्हाई ठिवला?" तुम्ही म्हणालात, पलटणीत कँटीनचं बिल संपूर्ण भरल्याशिवाय बदलीवर सोडत नाहीत. आई म्हणाली, "आवं, ही काय पलटण हाय? गावात सगळं कोण मिटवतं? भांडलेला, न्हाईतर गाव सोडून चाललेला, न्हाईतर मेलेला! पाडव्याला जग पैसं देतं, पर सव्वा रुपाया मागं ठिवून. आता बाजारादिवशी औंधाचं पाव्हणं शेठला इच्चारणार. त्यो काय सांगंल? त्यांचं आमच्याकडं खातंच न्हाई! म्हंजे ह्यास्नी गावात कुणी दारात उभं करत न्हाई, असंच व्हनार की." आक्का आतल्या खोलीत होती. त्या दिवशी ती जेवली नाही.

आणि मग बाजाराचा दिवस, पाहुणे विचारायच्या आत खातं पुन्हा उघडायचं होतं. अजूनही मला तो डोळ्यांपुढं दिसतो. तुम्ही शेठच्या दारात उभे आहात, मी मागं. तुम्ही मागताय पावशेर चहा. उधार.

"रोख द्या, न्या," शेठ म्हणतात.

"पैसं न्हाईत."

तुमच्या अंगात नवा पांढरा टेरिलीनचा शर्ट आहे. त्याच्या पातळ खिशातून पाहुणचारासाठी ठेवलेल्या दहाच्या नोटा अख्ख्या पेठेला दिसतायत.

"मंग खिशात काय हाय? पोथी?"

"ते येगळं. तुमी लिवून ठेवा."

"मला पारड्यात नोटा टाकून गेला तवा लाज न्हाई वाटली? दुस्काळात तुमाला ज्वारी घातली, ती काय पारड्यात फेकून घ्यायला?"

"शेठ, पाया पडतो. पावशेर न्हाई तर छटाक लिवा."

"गुंजभर बी न्हाई."

एवढ्यात मागून कुणीतरी खाकरलं. काखेत छत्री, डोक्याला पटका. औंधचे पाहुणे, मुलाचे थोरले चुलते. ते किती वेळ ऐकत होते देव जाणे. तुमचा चेहरा मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही. शत्रूसमोर तुम्ही बरे दिसत असणार.

पाहुण्यांनी शेठनाच विचारलं, "ह्यास्नी उधार देत न्हाई व्हय तुमी?"

"न्हाई देत."

"का? बुडवत्यात?"

शेठ उसळले. "बुडवतोय कशाचा! दोन वर्सं दमवलं, आन एका दिवसात सगळं आणून टाकलं. मला इच्चारलं बी न्हाई! आन आज खिशात पैसं ठिवून उधार मागतोय. असल्या माणसाचं करायचं काय, तुमीच सांगा."

पाहुण्यांनी तुमच्या खिशाकडं बघितलं, शेठकडं बघितलं. मग अगदी सावकाश म्हणाले, "आमच्या औंधात उलटं हाय. खिशात काय नसतं, आन उधारी मिळत न्हाई म्हून भांडत्यात." आणि ते दुकानाच्या पायरीवर बसले. "शेठ, तंबाखूची एक पुडी द्या."

शेठनी दिली. पाहुण्यांनी चिमूट मळली, तोंडात टाकली आणि तुमच्याकडं मान करून म्हणाले, "लिवा याह्यांच्या नावावर."

याही, म्हणजे व्याही! अजून होकार कळवला नव्हता, आणि माणूस भर बाजारात याही म्हणून मोकळा झाला. दारातल्या पाहुण्याला नाही म्हणायची शेठची टाप नव्हती, पेठेनं त्यांना जगू दिलं नसतं. त्यांनी आडव्या रेघेखाली एक ओळ लिहिली, लिहिताना तोंडानं तुम्हाला शिव्या घातल्या आणि न मागता पावशेर चहाही बांधला. तुम्ही चहाची पुडी छातीशी धरून घरी निघालात. दारात आलात आणि ओरडलात, "आगं, ऐकलं का? उधारी झाली!" आक्का धावत बाहेर आली. असल्या घोषणेनं कुठल्याच मुलीला इतका आनंद झाला नसेल.

लग्नात कोंबडीला हलवून दोन्ही कर्णे लागले. शेठ जेवायला आले, आवाज फार मोठा आहे म्हणून भांडले, आणि लाडवांची साखर खात्यावर मांडली.

हे मी कालपासून लिहितोय. आयुष्यभर वेळेत मजकूर दिला, पण याला छापखाना वाट बघत नाही आणि टपालाला पत्ता नाही, म्हणून रेंगाळलो. कपाटात ठेवून देईन. एक मात्र कबूल करतो. आज सकाळी मी बँकेला पुन्हा फोन केला. कार्ड परत मागायला नाही. पलीकडं कुणी रागावतं का, ते बघायला. त्या मुलीनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि आपला दिवस चांगला जावो म्हणाली.