तेल न लावलेले हात

१४ नोव्हेंबर

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. अक्षर तुझ्या लेकीचं, पण "ताई, वेळेवर जेवतेस ना?" हा दम तुझाच. जेवते गं. आईचा गुडघा बरा आहे. मांजरीने पुन्हा माझ्या उशीवर ठाण मांडलंय. कारखान्यातल्या माझ्या दवाखान्याच्या खोलीला रंग दिला. नर्सला कोण विचारतंय? हिरवाकच्च दिला.

पत्र लेकीकडून का लिहून घेतलंस, ते विचारत नाही. मला ठाऊक आहे.

काल महिन्याची हात-तपासणी होती. तुला माहीतच आहे: टेबलावर पांढरा कागद, त्यावर हात आधी पालथे, मग उताणे, मग बोटं फाकवायची. बुटांना तळ चिकटवणाऱ्या सहा जणींच्या बोटांच्या बेचक्यांत तीच लाली, तेच बारीक फोड. भेगा दिसू नयेत म्हणून सगळ्या तेल चोपडून आलेल्या. त्यांतली थोरली हळूच म्हणाली, "बाई, लिहू नका ना. तुमच्या बहिणीचं नव्हतं लिहिलं, तसं."

माझं पेन तिथंच थांबलं.

ठमे, मार्चमध्ये नवा गोंद आला आणि पंधरा दिवसांनी तू माझ्यासमोर हात धरलेस. तेलाचा वास मला आला होता. चिकटकामातून काढून झाडलोटीवर टाकतील, याची तुला धास्ती. तू नुसतं डोळ्यांनी विनवलंस आणि मी तपासणीच्या वहीत लिहिलं: "घरकामाच्या साबणाने. कामाशी संबंध नाही." वाटलं, बहिणीला सांभाळून घेतलं. मोठी शहाणी मी!

त्या गोंदाने बिघडलेले ते पहिले हात होते. मी खरं लिहिलं असतं तर कारखान्याच्या डॉक्टरांनी एप्रिलमध्येच गोंद थांबवला असता. त्या सहा जणी वाचल्या असत्या आणि तूही. जूनमध्ये तुला काम सोडावं लागलं, आज पेनसुद्धा धरवत नाही, ते माझ्यामुळे. पत्रात तू याचा एक शब्द काढत नाहीस, तेच जास्त लागतं. माझी मलाच लाज वाटते गं.

आज सकाळी ती ओळ मी एका रेघेने खोडली, खाली खरं लिहिलं, सही केली आणि वही डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी पान वाचलं. मग म्हणाले, "तुमची नोकरी राहील असं मी सांगू शकत नाही. गोंद मात्र आजपासून बंद."

आता तुझी नोंद पक्की करायला तुलाच यावं लागेल. पाठीवर गोंदातल्या एकेका पदार्थाच्या पट्ट्या लावून दोन दिवस ठेवतात, म्हणजे कातडी नेमकी कशाने उठते ते कळतं. मंगळवारी ये. माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस, लेकीला सोबत आण.

फक्त येताना हातांना तेल लावू नकोस. या वेळी मी बघेन.

तुझी,
अजून म्हणवत असेल तर, ताई