हिरव्या दगडातले पाणी विहिरीचे धरल्याबाबत

प्रति,
मेहेरबान मोहतमीम साहेब,
पाषाण-परीक्षा कचेरी, मुक्काम जालना.

अर्जदार: म्हस्कू वल्द राधाकिसन, धंदा शेती व मेंढरे, राहणार वाटूर, तालुका परतूर.

विषय: विहिरीचे बंद पाडलेले काम चालू करण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ: आपल्या कचेरीचा हुकूम, 'विहिरीस पाणी आहे, मुकदमा बंद.'

महोदय,

अर्जदार सविनय कळवितो की, विहिरीस पाणी नाही.

१. तीन वर्षांमागे माझ्या शेतात विहीर खोदताना काळ्या कातळात मोरपंखी हिरवा दगड लागला. खोदणारे कचरू बेलदार त्यावर हात ठेवून म्हणाले, "दगड थंड लागून राह्यला, म्हस्कू. पाणी आता लांब न्हाई." पण दुसऱ्याच दिवशी आपले अमीन आले. दगडात तांबे असेल, तांबे सरकारचे, सबब तपासणी होईपर्यंत कुदळ मारू नये, असे फर्मावून ते टोपलीभर दगड घेऊन गेले. कुदळ तेव्हापासून भिंतीला टेकून आहे.

२. तपासणी झाली. अहवाल इंग्रजीत आला, तो परतूर स्टेशनाच्या बद्रीनाथ मास्तरांनी वाचून समजावला. दगड तांबे व गारगोटीच्या सत्त्वाचा आहे. तो तांबडा उजेड गिळतो आणि हिरवा-निळा परत करतो, म्हणून तसा दिसतो. तांबड्याच्याही पलीकडे डोळ्यांना न दिसणारा उजेड असतो म्हणे. तोही यंत्रातून दगडावर सोडला. त्यातला काही दगडातच जिरला, त्यावरून दगडाच्या अंगात पाणी मुरलेले आहे असे ठरले. तांबे मात्र काढण्याजोगे नाही. विद्वानांच्या एका शब्दाबद्दलही माझी तक्रार नाही.

३. तक्रार पुढची आहे. कचेरीने अहवालातले 'पाणी आहे' एवढेच उचलले आणि विहीर पुरी झाली असे लिहून टाकले. मनाई उठवा म्हटले, तर पुऱ्या झालेल्या विहिरीस खोदण्याची परवानगी देता येत नाही, असे उत्तर मिळते. मी अमीन साहेबांना विहिरीवर नेले. त्यांनी वाकून खडा टाकला. खडा कातळावर वाजला. "कागज पे है ना," एवढे बोलून ते घोड्यावर बसले. आता मला भांडायचाही कंटाळा आला आहे.

४. साहेब, नव्या विहिरीचे पहिले पाणी घरातल्या वडील बाईने भरायचे, ही आमची रीत. माझी आई बायनाबाई हिने त्यासाठी घागर आणून ठेवली होती. ती आता अंथरुणाला खिळली आहे. दुसऱ्याच्या विहिरीचे पाणी तोंडाला लावले की मान फिरवते आणि विचारते, "आपलं लागलं का रे?" खोटे मला सांगवत नाही. खरे सांगायचे, तर का लागले नाही हे कळायला आपला हुकूम तिला कुणाकडून तरी वाचून दाखवावा लागेल.

सबब मनाई उठवावी, पुढचे कचरू आणि मी पाहून घेऊ. तेवढे होणार नसेल, तर हुकुमाप्रमाणे जे पाणी आहे, ते सोबतच्या दगडातून सोबतच्या घागरीत भरून जल्दी पाठवावे. आई फार दिवस काढील असे दिसत नाही.

आपला थकलेला ताबेदार,
म्हस्कू वल्द राधाकिसन
(निशाणी अंगठा)
ता. १२ खुरदाद, सन १३४६ फसली

सोबत:
हिरवा दगड, एक.
आईची घागर, कोरी.