जातो नव्हे, येतो

लंडन, ऑक्टोबर १९६१

ती. चंद्राक्कास,

दामूचा साष्टांग नमस्कार. (टपाल बोटीने येतं, तेव्हा नमस्कार वाटेत थोडा कलला असेल, सरळ करून घे.) भावजींचा दमा कसा आहे? ते अजून चामराजपेठेतल्या यच्चयावत डॉक्टरांना नावं ठेवत असतील, तर प्रकृती ठीक आहे असं समजतो. इथे सगळं क्षेम, फक्त ऊन नाही.

तू विचारलंस, माझं नाव नाटकाच्या जाहिरातीवर छापून आलं कसं? ते तुझ्यामुळे. आठवतं, निघताना सिटी स्टेशनवर मी "जातो" म्हणालो आणि तू मला डब्यातून खाली ओढलंस? "जातो काय मेल्या, येतो म्हण!" गाडी हलली, ट्रंक पुढे गेली, तरी "येतो" वदवून घेतल्याशिवाय तू हात सोडला नाहीस.

ती सवय इथे नडली. खोली शोधायला जावं तर दारोदारी पाट्या: खोली भाड्याने देणे आहे, रंगीत माणसांना नाही. रंगीत म्हणजे आपण. (तू मला जन्मभर काळ्या म्हणत आलीस, त्या मानाने ही बढतीच.) आज हसतोय, अक्का, पण तेव्हा रडू यायचं. दिवसभर हॉटेलात बश्या विसळायच्या, रात्री स्टेशनचा बाक, आणि मधल्या वेळात तोंडावर आपटणारी दारं. हॉब्सबाईंनीही दार लावलं. मी सवयीने "आय विल कम" म्हणून निघालो. आपली ही रीतच, कानडीतही निघताना "बर्तीनि"च म्हणतात. पण बाईंना ती धमकी वाटली. दुसऱ्या दिवशी तिथून जात होतो, तर बाई छत्री उगारून दारात उभ्या!

कुणी आपली एवढी वाट पाहतंय म्हटल्यावर नुसतं पुढे कसं जायचं? मी म्हटलं, बाई, तुमच्या पाटीची अक्षरं कलली आहेत, मी पेंटर आहे. (पोट काय बोलायला लावेल, सांगता येत नाही.) बाईंनी छत्री खाली केली आणि नवी पाटी मलाच रंगवायला दिली. मला मनाई करणारी पाटी मीच रंगवायची! ब्रश हातात घेतला आणि चिकपेठ आठवली. बसवंतअण्णांचं पाट्या रंगवायचं दुकान, टर्पेंटाइनचा वास, रस्त्यात अवरेकाळूच्या शेंगांच्या सालांचा ढीग, आणि माझ्या मागे उभं राहून अण्णांचं एकच पालुपद, "अजून स्वल्प रंग, दामू!" डोळे भरून आले आणि हात सुटला. कडेने आंब्याची पानं, कोपऱ्यांत पोपट, आणि "रंगीत माणसांना नाही" ही अक्षरं लाल, पिवळी, हिरवी, जांभळी, प्रत्येकाला सोनेरी सावली.

सगळा रस्ता हसायला लागला. बाईंना कळेना. कळलं तेव्हा त्या आधी लाल झाल्या, मग स्वतः करवत आणून खालची ओळ कापून टाकली. (पोपट ठेवले.) गर्दीतल्या एका नाटकवाल्याने पेंटर कोण म्हणून चौकशी केली, आणि मी त्याचे पडदे रंगवू लागलो. खोलीही मलाच मिळाली.

आता पोटभर जेवतो, पण बसमध्ये "अण्णा, स्वल्प सरका" म्हणणारं कुणी नाही. तुमची फार आठवण येते. डिसेंबरात सुट्टी आहे. अवरेकाळूचं सांबार करून ठेव. सर्वांना यथायोग्य.

येतो.
तुझा दामू

ता. क. शेजारचा कृष्णाजी लिहितो, की आपल्या घरातल्या माझ्या मागच्या खोलीवर तू पाटी लावली आहेस: भाड्याने देणे आहे, फक्त आपल्यातल्यांना. तेवढी खालची ओळ कापता येईल का? करवत नसेल तर हॉब्सबाईंची आणतो.

ता. क. २. पर्ल जमैकाची आहे, इस्पितळात नर्स आहे. तिलाही त्याच पाट्यांनी दारोदार फिरवलं होतं. जूनमध्ये आम्ही लग्न केलं. पर्ल म्हणजे मोती, पण तशी हाक मारू नकोस, कृष्णाजीचा कुत्रा धावत येईल. मुक्ता म्हण.

ता. क. ३. वर "येतो" लिहिलं आहे. मराठीत "मी येतो" आणि "आम्ही येतो" सारखंच दिसतं, म्हणून खुलासा करतो, ते अनेकवचन आहे. उत्तरात "ये" लिहू नकोस, अक्का. "या" लिही.