मस्टरच्या पाठकोऱ्या कागदावर

रविवार, ३ फेब्रुवारी १९३५

सातवा छरा. अर्धा श्वास सोडून थांबलो. काळा ठिपका नळीच्या टोकावरच्या माशीवर आला, बोट आपोआप आवळले. ठप्प. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला कागद हलला. जाऊन पाहिले नाही. आवाजावरून कळते.

दहा झाल्यावर पाहिले. आठ छरे एका चिंचोक्याखाली झाकतील इतके जवळ. शेवटचे दोन खाली. हात चुकला नव्हता. दट्ट्याचे चामडे गेले आहे, हवा गळते. पूर्वी ही हवेची बंदूक देवदाराची फळी आरपार करी. आता छरा फळीत अडकतो.

विणकाम खात्याचा गोरा साहेब विलायतेला परत गेला, त्याच्याकडून घेतली त्याला चार वर्षे झाली. पाखरू एकही मारले नाही. मारायचेही नाही. कागद, पेटीत कोंबलेले वेस्ट सूत, मागे लोखंडी पत्रा. पंचेचाळीस फूट. गेटावरच्या या दोन खोल्या आणि हा व्हरांडा गिरणीने दिला. खाली हजेरीचे टाइम ऑफिस. नोकरी खाली, संसार वर, मध्ये अठरा पायऱ्या. संध्याकाळी पहारेकरी गेट लावतो. दहा छऱ्यांपुरता मी कुठेच नसतो.

मंगळवार, ५ फेब्रु.

दुरुस्ती खात्यातला नरसय्या फिटर जेवणाच्या सुट्टीत वर आला. मांडी घालून बंदूक खोलली. स्प्रिंग काढताना छातीने दाबून धरतो, जनावर धरावे तशी. जुना वॉशर बोटात चुरगळून पाहिला.

"ह्याला मढं म्हनत्यात, भाऊसाहेब. चामडं न्हाय ह्ये."

मागावर धोटा मारणाऱ्या पिकरच्या चामड्याचा तुकडा खिशात घेऊनच आला होता. वाटीसारखा कापला, कोमट तेलात बुडवला, बसवला. "तात्पुरतं हाय. पंधरा दिस टिकंल. बरं चामडं गावलं की पक्कं करतो."

काय देऊ विचारले. म्हणाला, एक बार मारू द्या. मारला. ठिपक्याच्या कडेला. बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. "लई शांत वाटतं की. मागाच्या खात्यात आमाला असलं गावत न्हाय."

मी कधी कोणाला सांगितले नव्हते, ते तो एका छऱ्यात बोलला.

गुरुवार, ७ फेब्रु.

मॅनेजरसाहेबांनी बोलावले. दार लावून घ्या म्हणाले. चाळीस माणसे कमी करायची. मागाच्या खात्यातली आणि दुरुस्तीची. दिवाळीपासून आठाहून जास्त गैरहजेरी ज्यांची, ते नंबर काढून द्यायचे. २१ तारखेला सकाळी, त्या दिवसाची हजेरी धरून. तोवर कोणाला कळता कामा नये.

"तुमच्या अक्षराइतकंच तुमचं तोंडही नीटनेटकं आहे, म्हणून तुम्हाला सांगितलं."

हजेरीचे मस्टर घेऊन बसलो. ४१७ नरसय्या. अकरा. मार्गशीर्षात बायको तापाने पडली होती तेव्हाचे ओळीने नऊ. दोन किरकोळ.

पुन्हा मोजले. अकरा.

शनिवार, ९ फेब्रु.

वीस छरे. नव्या वॉशरने बंदूक जुन्या जोमात आली आहे. खांद्याला धक्का, मग फळी फुटल्याचा आवाज. असा आनंद या दिवसांत व्हावा याची थोडी लाज वाटली. थोडीच.

रविवार, १० फेब्रु. रथसप्तमी

घरी सु.चे हळदीकुंकू. या वर्षी तिने गिरणीच्या भिंतीपलीकडच्या चाळीतल्या बायकांनाही बोलावले. नरसय्याची लक्ष्मम्मा आली, तिच्याबरोबर सात-आठजणी. मी खाली ऑफिसात बसून होतो. वरून हसण्याचे आवाज. लक्ष्मम्मा तेलुगूत काही म्हणाली, सु.ने ते चुकीचे म्हणून दाखवले, पुन्हा हसणे.

या खोल्यांत असा आवाज पहिल्यांदा.

सोमवार, ११ फेब्रु.

सकाळी हजेरीचे बिल्ले घेताना खिडकीशी कोणी बोलले नाही. रोज कोणी ना कोणी म्हणते, "भाऊसाहेब, उठलात का न्हाय?" आज पितळ फळीवर पडल्याचा तेवढा आवाज. चारशे बिल्ले.

काही कळले नाही.

मंगळवार, १२ फेब्रु.

कळले.

नरसय्या आला. वर आला नाही, जिन्याच्या तळाशी उभा राहिला. खिशातून कागद काढून उलगडला. तिळगुळाची पुडी. चुरगळलेली, तेलकट, मध्ये पाच भोके जवळजवळ. पाठीमागची बाजू माझ्याकडे धरली. मस्टरचे पान. दुरुस्ती खाते. भोके ४१७ च्या ओळीत.

रद्द झालेल्या मस्टरची पाने मी घरी आणतो. कागद जाड असतो. कोऱ्या बाजूला कंपासने वर्तुळे काढतो, काजळाने ठिपका भरतो. चार वर्षे. छरे लागलेले कागद खाटेखाली ठेवतो. सु.ला वाटले रद्दी. पुड्या बांधल्या.

"माझा नंबर बराबर मदी कसा आला, भाऊसाहेब?"

पान उलटून पाहण्याचे कारण नव्हते, असे सांगितले. गेल्या वर्षीची पाने आहेत म्हणालो.

"नंबर ह्या सालीबी त्योच हाय की."

मग सांगितले त्याने. चाळीत सगळ्या पुड्या उलगडल्या. वाचता येत नसले तरी आपापला नंबर सगळ्यांना कळतो. २०८ ला दोन भोके. ३३१ ला एक, कडेला. ज्यांचे नंबर फुटले ते कामावरून जाणार, असे ठरले आहे. भाऊसाहेबाने मॅनेजरची यादी बंदुकीने लिहिली.

"आनि गोड बोला म्हनून बायकांच्या हाती दिली," तो म्हणाला. हसला नाही.

मी म्हणालो, तसली यादी नाही.

"तसली" हा शब्द मी का घातला ते मला माहीत आहे. त्यालाही कळले असावे. कागद घडी घालून खिशात ठेवला.

"मला वाटलं हुतं, तुमी तितं आमाला इसरून जाता. आमीच हुतो की त्या कागदाच्या पल्याड."

बुधवार, १३ फेब्रु.

संध्याकाळी सु. म्हणाली, "अहो, मी एकेकीच्या घरी जाऊन सांगते, चूक माझी आहे म्हणून." मी नको म्हणालो. का, तिने विचारले. यादी खरोखर आहे हे तिला सांगता येत नाही.

उरलेले कागद चुलीत घातले. घालण्याआधी एकेक उलटून पाहिला. पाहायला नको होता.

गुरुवार, १४ फेब्रु.

मॅ.साहेबांच्या कानावर गेले. मला वाटले, बंदूक काढून घेतील. खुशाल घ्यावी, असेही एकदा वाटले. साहेब हसत होते. इतके हसताना मी त्यांना पाहिले नव्हते.

"अहो, हे तुम्हाला सुचलं कसं?"

सुचले नाही, चूक झाली, म्हणालो.

"चूक असू द्या. कालपासून मागाच्या खात्यात एकही जण उशिरा आला नाही." मग म्हणाले, रोज पाच वाजता, पाळी सुटताना, व्हरांड्यात नेम मारत जा. चिकाचा पडदा वर गुंडाळून ठेवा. गेटातून बाहेर पडणाऱ्याला दिसले पाहिजे. "काही बोलू नका. नुसता आवाज होऊ द्या."

हा माझा खाजगी छंद आहे, म्हणालो.

"खोल्या गिरणीच्या आहेत, भाऊसाहेब."

शनिवार, १६ फेब्रु.

काल आणि आज. पाच वाजता. खाली गेटातून चारशे माणसे, माना वर. वीस छरे. कोरा विकतचा कागद लावला आहे. त्याचा कोणाला काय उपयोग.

माझे हात स्थिर होते. हे लिहून ठेवतो. वीसपैकी अठरा काळ्यात. इतका चांगला नेम महिन्यात लागला नव्हता. खालून कोणीतरी ओरडले, "भाऊसाहेब, माझा दोनशे बारा. सोडू नका." चारदोन जण हसले. पुढचा छराही काळ्यात.

रविवार, १७ फेब्रु.

सु. नळावर गेली. बायकांनी तिला पुढे जाऊ दिले. सगळ्यांनी. घागर भरेपर्यंत बाजूला उभ्या राहिल्या. घरी येऊन रडली. भांडल्या असत्या तर बरे होते, म्हणाली.

माहेरी, कुर्डुवाडीला, जा म्हणालो. म्हणाली, "तुम्ही कुठे जाल?"

मी घागर उचलून आत ठेवली.

सोमवार, १८ फेब्रु.

दुपारी ऑफिसात एकटा होतो. यादी जवळजवळ झाली. एकोणचाळीस. चाळिसावा ४१७.

पेन्सिल तासायच्या चाकूने मार्गशीर्षातले तीन "गै." खरडले. कागदावर नखाने घोटले. "ह." लिहिले, तिन्ही वेगवेगळ्या दिवशी लिहिल्यासारखे. आता आठ. नियम आठाहून जास्तचा आहे.

त्याच्या जागी दुसरा कोणी शोधावा लागला. १५६, मागाच्या खात्यातला, सुताला खळ लावणारा पांजणीवाला, नऊ गैरहजेऱ्या. यादीत आधीच यायला हवा होता, माझ्या नजरेतून सुटला होता. त्याला मी ओळखत नाही. म्हणून हात चालला.

उजेडाकडे धरले तर खरडलेले दिसते. साहेब उजेडाकडे धरत नाहीत.

नरसय्याला सांगायला हवे की २१ पर्यंत खाडा करू नकोस. कसे सांगू? खिडकीशी तो बिल्ला टाकून पुढे जातो, मागे माणसे. यादी आहे म्हटले की मी मंगळवारी खोटे बोललो. शिवाय ही गोष्ट दोघांना कळली की चाळीला कळली.

मंगळवार, १९ फेब्रु.

पाच वाजता. चौथा बार फुस्स. छरा फळीपर्यंतही गेला नाही. वॉशर गेला. पंधरा दिवस, त्याने सांगितले होते तसे.

इतके हलके वाटले की खाली पाहून हसणारच होतो.

शिपाई वर आला. आज आवाज का थांबला, साहेब विचारतात.

बुधवार, २० फेब्रु.

साहेब म्हणाले, उद्यापर्यंत दुरुस्त करून घ्या. उद्या यादी लागेल, उद्या आवाज हवा. दुरुस्ती कोण करतो? मी नाव घेतले नाही. त्यांनीच घेतले. "तोच ना? त्याच्याकडेच द्या. बरंच होईल."

सुट्टीत पोत्यात गुंडाळून भिंतीपलीकडे गेलो. चार वर्षांत त्या चाळीत पहिल्यांदा. नरसय्या दारात जेवत होता, आजूबाजूला पाच-सहाजण. लक्ष्मम्मा मला पाहून आत गेली. एकजण बसल्या जागेवरून म्हणाला, "या, या. यादी घरपोच आली रं."

नरसय्याने हात धुतले. पोते उघडले नाही, वरूनच चाचपले.

"वॉशर?"

"वॉशर."

"आता पक्का करू का तात्पुरता?"

सगळे ऐकत होते. मी म्हणालो, तुला जमेल तसा. मग म्हणालो, "पण उद्या कामावर ये हां." एवढेच जमले. माझ्या कानांनाही ते धमकीसारखे वाटले.

त्याने मान वर करून पाहिले. "का हो? उद्या काय हाय?"

मी म्हणालो, काही नाही.

बंदूक तिथेच ठेवून परत येताना अठरा पायऱ्या मोजल्या. सवय आहे.

गुरुवार, २१ फेब्रु. सकाळ

पावणेसातला खिडकी उघडली. बिल्ले येऊ लागले. ४१६ आला. ४१८ आला. बिल्ला टांगायचा ४१७ चा खिळा रिकामा.

सातला पाच कमी. यंत्रांचे पट्टे अजून सुरू झाले नव्हते, आवारात शांतता होती. भिंतीपलीकडून आवाज आला. ठप्प. थोड्या वेळाने पुन्हा. भरीव, कोरडा, शेवटी फळी फुटते तो. माझी बंदूक. वॉशर पक्का बसला आहे. याहून चांगला मी ऐकला नाही. तो कशावर मारतो आहे ते इथून दिसत नाही.

रांगेतली माणसे थांबून ऐकत होती, मग माझ्याकडे पाहत होती. मी मस्टरवर मान घातली.

भोंगा झाला. पट्टे सुरू झाले. मग काही ऐकू आले नाही.

उशीर सव्वासातपर्यंत चालतो. ४१७ पुढचा आजचा चौकोन मी कोरा ठेवला. टाक दौतीत दोनदा बुडवला. "गै." लिहिले की नऊ, म्हणजे यादीत.

सव्वासातला साहेबांचा शिपाई मस्टर न्यायला आला. चौकोन कोराच होता. मी त्याला जरा बसायला सांगितले.