तुझ्या फोनमधली माझी गाडी

१४ ऑक्टोबर

प्रिय ताई,

कशी आहेस? आम्ही तिघंही मजेत. सोफ्यांच्या शिलाईतून डोकं वर काढायला फुरसत नाही. एका दवाखान्याच्या बाकांचं मोठं काम मिळालंय. ह्यांची पाठ अधूनमधून कुरकुरते. मुलगी दोन वर्षांची झाली. घरात सगळे तिला भिंगरी म्हणतात, यावरून काय ते समज.

एवढ्या वर्षांच्या अबोल्यानंतर पत्राची अशी गुळगुळीत सुरुवात! हसशील. हस.

परवा फोनवर नुसतं "उघडलं" म्हटलं आणि ठेवून दिला. म्हणून नीट सांगते.

फोमवाल्याच्या दुकानापुढे गाडी उभी होती. भिंगरीला मागे तिच्या सीटवर बसवून पट्टा लावला, रडू नये म्हणून किल्ली हातात दिली, पर्स पुढे टाकली आणि दार लावून फोमच्या गुंडाळ्या उचलायला वळले. बाईसाहेबांनी बटण दाबलं. खट्! सगळी दारं बंद. मी काचेवर हात आपटत "परत दाब, परत दाब" म्हणतेय आणि ती खदखदून हसतेय. मग किल्ली खाली पडली. मग हसूही संपलं.

ऊन मी म्हणत होतं. तिचा चेहरा लालबुंद झाला. फोमवाला हातोडा घेऊन धावत आला. "बाई, फोनवरून उघडत नाही का ही? माझ्या मेहुण्याची उघडते."

"फोन आत आहे हो!"

"दुसऱ्या कोणाच्या फोनवरून?"

त्याने स्वतःचा फोन पुढे केला. ताई, ह्यांचा नंबर मला पाठ नाही. तुझा आहे. त्याला म्हटलं, ताईने नाही उघडली तर पुढची काच फोडा. तू उचललास. "ताई, माझी मुलगी गाडीत अडकलीय, तुझ्याकडे अजून..." माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तू म्हणालीस, "थांब, उघडते." आणि गाडी टुक करून उघडली.

तिला छातीशी धरून मी रस्त्यातच बसले. तुझ्याशी आणखी काही बोलले असते तर तिच्यापेक्षा मोठ्याने रडले असते.

तू गाडी मला देऊन गेलीस, तेव्हा तुझा फोन तिला जोडलेलाच राहिला. एक दिवस विचारलंस, "गाडी सारखी दवाखान्यापुढे दिसते, बरी आहेस ना?" भिंगरी पोटात होती. आधी दोनदा दिवस राहिले होते, पण हाती काही लागलं नव्हतं. या वेळी कोणालाच सांगायचं नव्हतं. आणि गाडीने माझ्याआधी तुला सांगितलं. "माझ्यावर पाळत ठेवतेस?" म्हणून मी भडकले, तुझं नाव गाडीतून काढ म्हणाले. "काढलं," म्हणालीस. म्हणजे खोटं बोललीस. बरं झालं बोललीस. पण तेव्हाचा माझा रागही खोटा नव्हता गं.

काल ह्यांना विचारलं, "असल्या गाडीचा मालकाला फायदा होतो की नाही?" हे म्हणाले, "मालक कोण ते आधी ठरवा." खरंच आहे. चाकात हवा कमी झाली की ती मला सांगते, आणि मी वळण किती जोरात घेतलं ते गाडीच्या कंपनीला सांगते. चाकरी दोघांची करते.

आता आमचे दोघांचे फोन तिला जोडलेत. तेव्हा तुझं नाव खरोखर काढून टाक. रागाने म्हणत नाही. गाडी कुठे उभी आहे तेवढंच ती तुला सांगणार. मी बरी आहे का, ते मला विचार. विचारलंस की सांगेन. आता सांगेन.

तुझा फोटो दाखवून भिंगरीला "मावशी" शिकवतेय. ती "माशी" म्हणते. आम्ही सांगून थकलो. आता तूच ये आणि दुरुस्त कर.

तुझी वाट बघणारी,
धाकटी
(आणि माशीची भाची)