गट २१२ वरचा तंबू

९ नोव्हेंबर, रविवार

तंबू आला. दुपारी गच्चीवर उभा केला. सोबतच्या कागदावर दहा मिनिटं लिहिलंय, मला पाऊण तास लागला. आत जाऊन आडवी झाले. पाय पूर्ण लांब. वर नुसतं हिरवं कापड. छान.

पद्मा वाळलेले कपडे काढायला आली आणि बघतच उभी राहिली. धाकटी बहीण, पण रागावते आईसारखी. म्हणे, अठ्ठावन्नाव्या वर्षी अक्काला घर नको झालंय हे शहराच्या सगळ्या पूर्व भागात उद्या सकाळपर्यंत कळेल. ती आणि तिचा नवरा श्रीनिवास खालच्या मजल्यावर, मी वर. आता घर एवढं मोठं आहे म्हणून तिला कळत नाही. एका खोलीत दोन माग आणि नऊ माणसं होती तेव्हा ती पाळण्यात होती. मी मागाखाली झोपायचे. पाय लांब केले की लाकडाला लागायचे.

एकतीस वर्षं मोजणी कचेरीत गावांचे नकाशे उतरवले. शेतं, बांध, ओढे, पायवाटा. गायरान आलं की हात थांबायचा. तेवढी जागा कोरी. मनात यायचं, तिथं काय असेल? कधी गेले नाही. रजा, आईचं आजारपण, मग आणखी काही. आता निवृत्त. आता कोण अडवतंय.

ठरलं ते असं. जमीन सरकारी हवी, कुणाच्या शेतात शिरायचं नाही. पाणी आपलं आपण न्यायचं, कचरा परत आणायचा. आणि डोळ्यासमोर एकही भिंत नको.

१६ नोव्हें., रवि.

पहिल्या दोन्ही जागा गेल्या.

सकाळची ओढ्याकाठची. नकाशावर कोरी, प्रत्यक्षात शहरातल्या पाडलेल्या घरांचा राडारोडा. संडासाची भांडीसुद्धा. परत फिरले.

दुपारची वनखात्याची. गवत कमरेएवढं, पिवळंधमक. स्कुटी लावून आत शिरले तर वनरक्षक आला. तरुण, नम्र. म्हणाला, परवानगी लागते मॅडम, आणि मुक्कामाची तर मिळणारच नाही. त्याचं बरोबर होतं. निघताना त्यानंच शिकवलं, दगड कधी हातानं उचलायचा नाही, आधी काठीनं उलटवायचा, खाली फुरसं असतं. ओढ्याच्या पात्रात झोपायचं नाही. वाऱ्याकडे पाठ करायची. एवढं मला एकतीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

पायमोज्यांत कुसळंच कुसळं. पद्मानं ती चिमट्यानं काढली, तोंड चालूच.

२३ नोव्हें., रवि.

सापडली.

क.वाडी, गट २१२. मोडनिंबच्या अलीकडे हायवे सोडायचा, मग सात-आठ किलोमीटर. एकतीस एकर गायरान. मंगळवारीच पंचायतीत अर्ज दिला होता, दोन दिवस तंबू टाकून राहायचंय म्हणून. उत्तर नाही, पण पोच घेतली आहे. शिक्क्याची. सवय.

माळ हळूहळू चढत जातो आणि वर एकदम सपाट होतो. चहूकडे आभाळ. मी तिथं उभी राहिले आणि काय वाटलं ते लिहिता –

पण आधी तारेचं कुंपण आडवं आलं ते लिहायला हवं. सिमेंटचे खांब, पाच पदरी तार, लोखंडी फाटक, कुलूप. पाटी – ‘खाजगी जागा. आत येऊ नये.’ मला वाटलं मी गट चुकले. मोबाईलवर नकाशा दोनदा पाहिला. चुकले नव्हते.

रस्त्याच्या कडेला मेंढरांचा वाडा होता. जाळीत मेंढरं, बाहेर चूल, घोडं. धनगराची बाई भाकऱ्या थापत होती. गवराबाई. सांगोल्याकडची. दरवर्षी दिवाळीनंतर त्यांचा तळ याच माळावर पडतो, सासऱ्याच्या आधीपासून. यंदा आले तर कुंपण. म्हणून रस्त्यावर. परवा पहाटे उसाचा ट्रॅक्टर आला, तीन मेंढरं चाकाखाली गेली. त्यातलं एक गाभण.

विचारलं, कुंपण कुणाचं?

“आबासाहेबांचं. मळंवालं. आमी म्हनलं, गायरान हाय की. ते म्हनलं, पाटी वाच. मेंढरास्नी वाचाया येत न्हाय, मला बी न्हाय.”

ओढा जिथून कुंपणाखालून जातो तिथं तार लोंबते, ते तिनं दाखवलं. वाकलं की माणूस आत. मीही गेले. सपाटीवरून पाहिलं, पलीकडच्या अंगाला काळ्या प्लास्टिकचं मोठं शेततळं आणि खाली उतारावर डाळिंबाची नवी लागण. सरळ रांगा. गट २१२ मध्येच.

२४ नोव्हें., सोम.

सातबारा काढला. गायरान. महाराष्ट्र शासन. इतर हक्कांत कुणाचंही नाव नाही. फेरफारही नाही.

म्हणजे पाटी खोटी.

पद्मा म्हणाली, मग दुसरी जागा बघ, जिल्ह्यात माळ काय कमी आहेत? नाहीत कमी. पण मला ही हवी आहे. काल तिथून पाठ फिरवून आले तेव्हाच मला राग आला होता, आणि तो त्या माणसापेक्षा माझाच जास्त.

१ डिसें., सोम.

काल राहिले. सकाळचे साडेसात, तंबूसमोर बसून लिहिते आहे. हात गारठलेत, अक्षर वाईट.

मुरमात खुंट्या जात नाहीत. गवराबाईनं दगड बांधायला शिकवलं, प्रत्येक दोरीला एक. कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा. झोप लागेल असं वाटलं नव्हतं, लागली. पहाटे लांब कुठंतरी लांडगा ओरडला आणि रस्त्यावरची कुत्री वेडी झाली. भीती वाटली. तरीही उठून बाहेर आले. दवानं गवत वाकलेलं. एकही भिंत नाही. आई असती तर म्हणाली असती –

दुपारी – तुटलं ते वाक्य, कारण आबासाहेब आले. फाटक उघडून पांढरी गाडी थेट तंबूपर्यंत. साठीचा माणूस, स्वच्छ कपडे, आवाज गोड.

“मॅडम, चुकून आलात वाटतं.”

“नाही, बघून आले.”

“काय बघून?”

“सातबारा.”

मग हसले. मळ्यावर चला म्हणाले, पाहुण्यांची खोली आहे, गरम पाणी आहे. इथं लांडगे, एकट्या बाईमाणसानं कशाला? मी म्हटलं, लांडग्यांनी कुंपण घातलेलं नाही. हसू गेलं. म्हणाले, मी राखला म्हणून हा माळ शिल्लक आहे, नाहीतर लोकांनी मुरूम काढून खड्डा केला असता. हे खोटं नसावं. शेजारच्या गावचं गायरान मी पाहिलंय, नुसती खाण झालीय. तेवढं मनाला लागलं. पण राखणारा माणूस शेततळं खोदत नाही, डाळिंब लावत नाही. हे बोलून दाखवलं.

जाताना म्हणाले, “बाई, नोकरीत हुता तवर ठीक. आता तुमचं कोन ऐकतंय?”

मग चहा केला. ठरवलेला दुसरा दिवसही राहणार.

७ डिसें., रवि.

पुन्हा गेले. तंबू लावला, गवराबाईबरोबर हापशावर पाणी आणायला गेले. अर्ध्या तासात परत. तंबू फाडलेला. वरपासून खालपर्यंत तीन ठिकाणी, ब्लेडनं असावा, कडा सरळ. दगडांच्या दोऱ्या तशाच बांधलेल्या.

कुणी पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं असेल. गवराबाईचा नवरा सोपान खाली मान घालून म्हणाला, मळ्यावरची दोघं आली व्हती, पर नाव नगा घेऊ, आमाला हितंच ऱ्हायचंय. नाव घेतलं नाही.

घरी येईपर्यंत रडले नाही. स्कुटीवर रडता येत नाही, समोरचं दिसत नाही.

९ डिसें., मंगळ.

पद्माला सांगायचंच नव्हतं. तिनं गच्चीवर पसरलेला तंबू पाहिला आणि तशीच खाली गेली. मला वाटलं, आता आठवडाभर ऐकावं लागणार. ती वर आली ती मेणाचा दोरा आणि जाड सुई घेऊन. बसली. विणकर पप्पांची खरी मुलगी ती, कापड कसं जोडायचं हे मला नाही, तिला येतं. दुहेरी शिवण, आतून पट्टी. संध्याकाळपर्यंत दोन चिरा झाल्या.

“माणसाला राग असेल तर माणसाशी बोलावं. कापडाला हात कशाला लावायचा?” एवढंच बोलली. मग म्हणाली, पुढच्या रविवारी मी पण येते.

१४ डिसें., रवि.

दोघी. श्रीनिवासनं रिक्षावाल्यासारखी सामानाची तक्रार केली, पण स्वतःच्या गाडीनं सोडून गेला. पद्माला कशाचीच सवय नाही. झुडपामागं जायला पाऊण तास लाजत होती. मग गवराबाईनं तिला हातच धरून नेलं. दोघी हसत परत आल्या.

आबासाहेबांची माणसं फाटकाशी उभी होती. आत आली नाहीत. मोबाईलवर आमचे फोटो काढले. पद्मानं पदर नीट केला आणि म्हणाली, काढा, नीट येऊ द्या.

१९ डिसें., शुक्र.

नोटीस! घरी, रजिस्टर पोस्टानं. क.वाडी पंचायतीची.

‘आपण मौजे क.वाडी येथील शासकीय गायरान गट नं. २१२ मध्ये विनापरवाना अतिक्रमण केले असून...’ सात दिवसांत काढून घ्या, अन्यथा कारवाई.

एकतीस वर्षं सरकारी नोकरी, एक मेमो नाही, आणि आता अतिक्रमण. श्रीनिवास म्हणाला, माफीचा अर्ज देऊन मोकळी हो.

मग पुन्हा वाचली. वरती बारीक अक्षरात संदर्भ – श्री. आबासाहेब यांचा तक्रारी अर्ज. सोबत अर्जाची प्रत जोडलेली. त्यांच्या शब्दांत, खाली त्यांची सही: ‘सदर बाई शासकीय गायरानात तंबू ठोकून राहते.’

शासकीय गायरानात.

तीन वेळा वाचलं. मला हाकलायच्या घाईत त्या माणसानं लिहून दिलं की जमीन सरकारी आहे. मग कुंपण कुणाचं, तळं कुणाचं, डाळिंब कुणाचं? पद्माला वाचून दाखवलं. तिला दुसऱ्यांदा वाचल्यावर कळलं आणि ती इतकी हसली की श्रीनिवास खालून वर आला.

२१ डिसें., रवि.

गवराबाईला नोटीस वाचून दाखवली, तक्रारीसकट. ती सोपानकडे बघत राहिली. तो बराच वेळ काडीनं जमीन उकरत होता. मी काही सुचवलं नाही, खरंच नाही. त्यांचं सगळं त्या मेंढरांत आहे, माझा फक्त तंबू.

शेवटी गवराबाईच उठली. “तुमाला धाडला कागद. आता आमाला बी धाडू द्या.”

ओढ्यातली तार दोघांनी वर उचलून धरली आणि मेंढरं आत गेली. पहिलं मेंढरू थबकलं, मग एकामागून एक, सगळी. धूळ खाली बसली तेव्हा आम्ही तिघंही आत होतो.

मळ्यावरची माणसं आली. चार जण. काठ्या होत्या. सोपान पुढं झाला नाही आणि मागंही सरला नाही. मी नोटीस दाखवली, म्हटलं तुमच्या मालकांनीच लिहिलंय, गायरान आहे, वाचा. त्यातल्या एकानं खरंच वाचली. मग फोन करायला बाजूला गेला. मग सगळे गेले.

२३ डिसें., मंगळ.

तालुक्याच्या कचेरीत अर्ज. नोटीस, तक्रारीची प्रत, सातबारा, नकाशा, कुंपण आणि तळ्याचे फोटो. गवराबाई आणि सोपानचा वेगळा अर्ज, अंगठे त्यांचे, अक्षर माझं. टेबलावरच्या मुलीनं विचारलं, मॅडम, तुमची तिथं जमीन आहे का? नाही म्हटलं. मग तुम्हाला काय त्रास? म्हटलं, सगळ्यांची आहे, त्यात माझी आली.

पोच घेतली.

२ जाने., शुक्र.

मळ्यावरचा एक जण घरी येऊन गेला. आबासाहेबांचा निरोप: नोटीस मागं घेतो, तुम्ही अर्ज मागं घ्या, तंबू हवा तिथं लावा, कायमचा लावा, कोण काही म्हणणार नाही. फक्त तुम्ही. मेंढरं नाहीत.

खरं लिहिते, क्षणभर विचार केला. तो सपाट माळ, पहाट, आणि कुणाची कटकट नाही. हेच तर हवं होतं ना?

त्याला चहा दिला. निरोप दिला की नको.

६ जाने., मंगळ.

तहसीलदारसाहेबांपुढे सुनावणी. आबासाहेब, त्यांचे वकील, सरपंच, ग्रामसेवक एका बाजूला. मी, पद्मा, गवराबाई दुसऱ्या. सोपान मेंढरांपाशी.

साहेबांनी तक्रारीतलं ते वाक्य दोनदा वाचलं. “सही तुमचीच?”

“माझीच. पर लिहिलं दुसऱ्यानं, साहेब.”

“शासकीय गायरान म्हटलंय तुम्ही.”

“तसं म्हनतात त्याला.”

वकील म्हणाले, पंचवीस वर्षांची वहिवाट आहे, पुरावे देऊ. गवराबाईला विचारलं तेव्हा ती न अडखळता बोलली. सासऱ्याचा तळ, ओढ्याचं पाणी, कुठल्या कडेला चूल असायची, चाकाखाली गेलेली तीन मेंढरं. मला वाटलं होतं तिच्या वतीनं मला बोलावं लागेल. गरज पडली नाही.

आदेश: गटाची मोजणी व्हावी. तोवर परिस्थिती जैसे थे. मोजणीची तारीख नंतर कळवू. ती तारीख कशी लांबते मला माहीत आहे. एकतीस वर्षं मीच तारखा लिहायचे.

बाहेर पायऱ्यांवर वकील मोठ्यानं सांगत होते, जैसे थे म्हणजे कुंपण राहणार. बरोबर आहे, कुंपण राहणार. गवराबाईनं माझा दंड धरला.

“म्हंजी काय वो, ताई? ऱ्हायचं का उठायचं?”

कागद पुन्हा पाहिला. कुंपण काढा नाही. मेंढरं काढा नाही. तंबूचंही नाव नाही. म्हटलं, कागद आजचा आहे आणि आज तुम्ही आत आहात.

“मग हायती तितंच,” म्हणाली, आणि एस.टी. पकडायला गेली.

आबासाहेब गाडीपाशी थांबून आमच्याकडे बघत होते. रागानं की मोजमाप करत, कळलं नाही. मीही बघितलं.

पद्मानं सकाळीच पाण्याचे कॅन भरून ठेवले होते. तिसरी चीर शिवायची राहिली आहे, म्हणते तिथं बसून शिवेन. चारला निघतोय. दिवस लहान आहे, उजेडात पोचायला हवं.